खूण केलेले डबे

गाव माझं पारोळ्याच्या अलीकडे, नाल्याकाठी, पण गाव मी सुट्टीतच बघितलं, मोठा झालो मी सुरतला, उधन्यात. बाप लूमवर होता. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच कारखाना, खटखट खटखट, त्यात आई हाक मारायची तर वरडूनच मारायची, म्हणून मी असा मोठ्यानं बोलतो. भांडत नाही मी, घाबरू नका. माझ्या बायकोचं माहेर बारडोलीकडचं, लग्न झालं तेव्हा ती पहिला महिनाभर रडायची, म्हणायची हे माझ्यावर रागावले. रागीट मी आहेच, ते खोटं नाही. ते पुढे येईलच.

सुदाम आमच्या शेजारच्या खोलीतला. त्याचा बाप अन् माझा बाप एकाच पाळीला. घरात आमच्या अहिराणी, बाहेर गुजराती, शाळा मराठी, पिक्चर हिंदी, असं सगळं मिसळून गेलेलं. लूमवर जायचं नाही एवढं दोघांचं पक्कं होतं. सकाळी उठून भेस्तानपर्यंत पळत जायचो अन् पळत यायचो, रस्त्यावरची कुत्री मागं लागायची, त्यानं दम चांगला वाढला. भरतीला दोघं गेलो, दोघं निवडलो. आई म्हणे देव पावला. सुदाम गेला पायदळात, बंदुकीत, अन् मला दिलं तेलात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, ग्रीस. मी चिडलो ना, म्हटलं घरी बाप तेलात मशीन चालवतो, इथं मी तेलात, मंग फौजेत येऊन काय केलं?

पण काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं फौज म्हणजे बंदूक. बंदूक लागते, पण कधीतरी लागते. तेल रोज लागतं. वर जिथं झाड नाही, गवत नाही, लाकडाची काडी नाही, तिथं पोस्टवरचा माणूस पाणी पितो ते बर्फ वितळवून, अन् बर्फ वितळतो रॉकेलच्या स्टोव्हवर. रॉकेल नाही तर पाणी नाही, डाळ नाही, पाय शेकायला नाही. हिवाळ्यात वाट बंद होते ती पाच-पाच महिने, मंग जे आधी वर गेलं तेवढ्यावर दिवस काढायचे. शत्रू राहिला बाजूला, डबा रिकामा झाला की माणूस गेला. आमचा म्हातारा सुभेदारसाब म्हणायचा, गोली के बिना एक दिन निकलता है, तेल के बिना एक रात नहीं. तेव्हापासून मला माझ्या कामाची लाज वाटणं बंद झालं. जरा घमेंडच आली म्हणा ना.

आमचा डेपो खाली होता. जागेचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. खालून ट्रकनं पिंपं यायची, आम्ही हातपंपानं त्यातून रॉकेल डब्यांत भरायचो, लोखंडी डबे, जेरीकॅन म्हणतात ते, अन् ते खेचरांवर लादून वर पोस्टला. एका पोस्टवर सुदाम होता. नशीब बघा, एवढा मोठा देश, अन् माझ्या डेपोचं तेल जातं ते सुदामच्या पोस्टला. अकरा माणसं तिथं. साठ्याचं काम त्यांनी सुदामकडेच दिलेलं, कारण तो हिशोबी. तारेचा फोन होता पोस्टपर्यंत. आम्ही अहिराणीत बोलायचो, एक्स्चेंजवरचा मद्रासी पोरगा म्हणायचा हे कोणतं कोडवर्ड बोलता रे तुम्ही.

आता पिंपाची एक गोष्ट समजून घ्या, नाही तर पुढचं कळणार नाही. पिंप आडवं झोपवायचं असतं. बूच बाजूला राहील असं. उभं ठेवायचं नाही, कधीच नाही, पहिल्या दिवशी शिकवतात. उभं ठेवलं की पिंपाच्या डोक्यावर, त्या काठाच्या आत, पाणी साचतं. दिवसा ऊन लागलं की आतला वारा फुगतो अन् बुचातून बाहेर जातो, थंडी पडली की आकसतो अन् बाहेरचं ओढून घेतो. म्हणजे पिंप श्वास घेतं म्हणा, अन् श्वासाबरोबर पाणी पितं. बूच घट्ट असलं तरी पितं. पाणी जड, ते तळाला जातं. म्हणून भरायच्या आधी प्रत्येक पिंपात दांडी बुडवायची, दांडीच्या टोकाला एक पेस्ट लावायची, पाणी असलं तर पेस्ट लाल होते. लाल नाही झाली तर भरायचं अन् प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगानं खूण करायची. ती खूण म्हणजे तपासलं. वरचा माणूस डबा उघडून बघत बसत नाही, तो खूण बघतो.

त्या वर्षी ट्रक लवकर आले अन् एकदम आले. जागा नव्हती. मी आठ पिंपं उभी केली. मीच केली, दुसऱ्या कुणी नाही, लिहा तसं. म्हटलं दोन दिवसांचं काम, वर ताडपत्री टाकली. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. ताडपत्री फाटलेली होती एका अंगानं, बर्फ पडायचा, दुपारी वितळायचा.

मंग वरून निरोप आला की हवा बिघडणार, जे न्यायचं ते आज न्या. खेचरवाले सकाळपासून उभे, खेचरं पाय आपटून राहिली, मला वरून ओरडा. आडव्या पिंपांत दांडी बुडवली मी, सगळी बरोबर. ती आठ राहिली शेवटी. पेस्टची नळी थंडीनं दगड झालेली, दाबून निघेना, शेकायला पाहिजे होती. मी म्हटलं जाऊ दे, एकाच लॉटचा माल आहे, पहिला चांगला तर हाही चांगलाच. अन् भरायला घेतलं. सात पिंपं रिकामी केली, आठवं राहिलं कारण डबे संपले. सगळ्या डब्यांवर खूण केली. माझ्या हातानं.

एक म्हातारा खेचरवाला होता, तो लादताना थांबला. म्हणे, साब, ये डब्बा भारी है, लाद टेढी हो रही है. आता पाणी रॉकेलपेक्षा जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं ना! पण माझं डोकं तापलेलं. मी म्हटलं, तुझं खेचर म्हातारं झालं अन् तूही झालास, चल निघ. तो बिचारा दुसऱ्या अंगाला एक दगड बांधून तोल करून निघून गेला. आजही तो दगड मला दिसतो. माणूस मला सांगून राहिला होता अन् मी त्याला हाकललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच लंगरसाठी, म्हणजे स्वयंपाकासाठी, ते आठवं पिंप उघडलं. लांगरीनं स्टोव्ह पेटवला तर फडफड करून विझला. परत पेटवला, परत विझला. तो म्हणे तेल में पानी है. मी म्हटलं चल हट, अन् नळी काखेत धरून शेकली, दांडीला पेस्ट लावली, बुडवली. वर काढली तर वीतभर लाल. तिथंच बसलो मातीत. कारण पंपाची नळी तळापर्यंत जाते, म्हणजे प्रत्येक पिंपाचा पहिला डबा निव्वळ पाण्याचा गेला असणार, दुसराही निम्माशिम्मा. पिंपं सात होती.

वाट अजून एक-दोन दिवस उघडी होती. खेचरं खाली आलेली होती. नवीन डबे भरून पाठवता आले असते. फक्त सुभेदारसाबला जाऊन सांगायचं होतं की मी तपासलं नाही अन् तपासल्याची खूण केली. अन् मला तेव्हा हवालदारकी मिळायची होती, नाव पुढे गेलेलं. बाप त्याच वर्षी वारलेला, घरात आई, दोन बहिणी लग्नाच्या, बायको, लहान पोर. हे मी तुम्हाला दया यावी म्हणून नाही सांगत. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी असतं. वरच्या अकरांच्याही घरी होतं.

मी आधी फोन लावला. सुदामच आला. मी अहिराणीत म्हटलं, सुदाम, डबा हालाईसन देख, पानी शे का त्यामा, म्हणजे हलवून बघ, पाणी आहे का. तो म्हणे काय व्हयनं? मी सांगितलं सगळं. तो म्हणे थांब, फोन ठेवू नको. मला त्याचे बूट ऐकू येत होते, मंग एकेक डबा हलवल्याचा आवाज. रॉकेल डुचमळतं. बर्फ झाला असला की डबा मुका राहतो, नाही तर आत गोळा आपटतो, धप्प. मी कान लावून. डुचमळलं. डुचमळलं. धप्प. मंग वाऱ्याचा आवाज आला अन् पुढचं काही नीट कळेना, लांबचे डबे होते ते. किती वेळ गेला कोण जाणे. मंग तो आला अन् म्हणे, दोनच डबा खराब शेतस. आम्हले पुरी जाई, पुरेल म्हणे. तू कोणले काही सांगू नको, तुनी हवालदारकी ऱ्हायनी शे.

मी म्हटलं, खरं सांग. तो म्हणे, खरंच सांगस ना भास्क्या, आते ठेव फोन.

आता ऐका. पिंपं सात होती. दोन असूच शकत नव्हते. हे मला तेव्हाच, फोन कानाला असतानाच कळलं होतं. तो खोटं बोलून राहिला हे मला कळलं, अन् मी ते खोटं घेतलं. कुणी हातात लाडू दिल्यावर घेतो ना आपण, तसं पटकन घेतलं.

बाहेर आलो तर सुभेदारसाब उभा. त्यानं वास घेतला असावा काहीतरी, लांगरी बोलला असेल. म्हणे, बोरसे, कुछ गडबड है तो अभी बोल. रास्ता अभी खुला है. मी टाचा जुळवल्या अन् म्हटलं, सब ठीक है साब. एवढंच. तीन शब्द वर एक. दुसऱ्या दिवशी दुपारपासून बर्फ सुरू झाला अन् वाट बंद.

हिवाळाभर मी जेवलो, झोपलो, काम केलं. फोनवर सुदाम म्हणायचा सगळं बरं शे. पुढे तर फोनची तारही तुटली बर्फानं. मंग एके दिवशी आकाश उघडलं अन् हेलिकॉप्टरनं कुणाला तरी खाली आणलं, म्हणे हात गेले. मी पळत गेलो नाही. मला ठाऊक होतं कोण असणार.

खराब डबे चौदा होते, ते मला सुदामनंच पुढे सांगितलं. अकरा माणसांचं महिनाभराचं रॉकेल. तेव्हा पोस्टवर त्यानं कुणाला सांगितलं नाही. पोस्टच्या मागं बसून तो रोज एकेक डबा फोडायचा, बर्फाच्या गोळ्यावर जे रॉकेल राहिलं ते निथळून घ्यायचा, थेंब थेंब. अन् असल्या थंडीत रॉकेल गोठत नाही, ते बर्फापेक्षा थंड होतं, हाताला लागलं की चामडी जळते तशी जाते. हातमोजे घातले तर ते रॉकेलनं भिजायचे, मंग पहाऱ्याला काय घालायचं? म्हणून हातमोजे काढून करायचा. दोन्ही हातांची बोटं गेली, अंगठे राहिले. पण त्या अकरांतला एकही माणूस तहानेला राहिला नाही की गारठला नाही.

दवाखान्यात भेटलो तेव्हा हाताला पट्ट्यांचे एवढाले गोळे बांधलेले. मी रडायला लागलो तर तो म्हणे, बायकांसारखा रडू नको रे, लोक देखतस. मी म्हटलं मी आत्ता जाऊन सांगतो. तो म्हणे आता सांगून बोटं येतील का? तू जाशील, तुझं घर जाईल, माझी बोटं तिथंच. शपथ घातली त्यानं, आईची. अन् मी लगेच शपथ पाळायला तयार. माझ्या सोयीची होती ना शपथ. चौकशी झाली. त्याला विचारलं हातमोजे का काढले, तो म्हणे चुकलं साब. कागदावर आलं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. सही करायला बोटं नव्हती, अंगठा उठवला त्यानं.

मी हवालदार झालो. पेढे वाटले.

सतरा वर्षं झाली ह्या गोष्टीला. तो उधन्यातच आहे, एका डाईंग मिलच्या गेटवर बसतो, गाड्यांचे नंबर लिहायला दुसरा माणूस दिलेला आहे, हा फक्त गाडी थांबवतो अन् सोडतो. मी रिटायर होऊन इथं हायवेच्या पंपावर. टँकर आला की मी दांडी बुडवल्याशिवाय नळी लावू देत नाही. ड्रायव्हर लोक म्हणतात, ए फौजी काका, जलदी करो ने, मोडू थाय छे. मी म्हणतो थवा दे, होऊ दे उशीर. तिकडं परदेशात कुठं लढाई लागली की इथं अफवा उठते, तेल संपणार, अन् रांग जाते पार नाक्यापर्यंत, बायका कॅन घेऊन उभ्या, भांडणं. मालक म्हणतो काका आज राहू द्या तुमची दांडी, लोक खोळंबलेत. मी म्हणतो शेठ, लोक खोळंबले तेव्हाच बुडवायची असते. त्याला वाटतं म्हातारा हट्टी आहे.

सुदामची बायको मंगलावहिनी. घरी साड्यांचे धागे कापायचं काम करतात. सणाला पहिलं ताट माझं. म्हणायच्या, भाऊ, सगळे मित्र सुटले, तुम्ही तेवढे राहिलात. तो घास कसा गिळायचा, सांगा तुम्ही. पण गिळला. सतरा वर्षं गिळला.

आता दिवाळीनंतर त्यांच्या पोरीचं जमलं. पाहुणे आले, बोलणी झाली, साखर वाटली. पोराचा काका फौजेतला निघाला. तो सुदामचे हात बघून म्हणे कुठं होता तुम्ही, कसं झालं, कागद बघू. वहिनींनी कौतुकानं फाईल आणून दिली, त्यांना वाचता येत नाही त्यातलं. त्यानं वाचलं अन् तोंड वाकडं केलं. सगळ्यांसमोर म्हणे, हे तर स्वतःच्या चुकीनं झालं, आमच्या पलटणीत अशाला आम्ही शिक्षा केली असती. पोरगी आत निघून गेली. सुदाम हसला नुसता, म्हणे हो, चुकलंच तेव्हा. अन् मी तिथं बसलेलो होतो, हातात चहा होता माझ्या. मी पुन्हा गप्प बसलो. सुभेदारसाबसमोर खरं दाबलं तसंच.

रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या. सकाळी सुदाम ड्युटीवर गेल्यावर गेलो. वहिनी साडी मांडीवर घेऊन धागे कापून राहिल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं सगळं, पिंपापासून फोनपर्यंत. कात्री चालूच. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मंग त्यांनी विचारलं, किती डबे? मी म्हटलं चौदा. कात्री थांबली. वहिनी म्हणे, रोज सकाळी मी ह्यांच्या शर्टाची बटणं लावते, भाऊ. अन् रोज बोलते. हातमोजे घातले असते तर आज हे करायला लागलं नसतं, असं. रोज बोलले हो मी त्यांना. सतरा वर्षांत एकदासुद्धा म्हणाले नाहीत की तू चूप बस.

मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. म्हणे पाया पडून तुम्हाला बरं वाटेल, मला काय? तोंडी नको, लिहून द्या. जिथं तो कागद आहे तिथं पाठवा, अन् एक त्या पाहुण्याला. मंग बघू.

सुदामला कळलं तसा तो माझ्याशी बोलत नाही. फाटकात उभं राहून एकदाच बोलला. म्हणे, मी बोटं दिधात ती तू वाया घालाई दिन्हीस. असेल त्याचं खरं. पण बोटं त्याची गेली, अन् त्याबरोबर त्याची अब्रूही मी ठेवून घेतली होती, ती माझी नव्हती. ती परत करायची का नाही, हे त्यानं ठरवायचं नाही.

तुम्ही लोकांचे अर्ज लिहून देता, म्हणून तुमच्याकडे आलो. मला लिहिता येतं, पण मी लिहायला बसलो की माझीच बाजू घेऊन लिहितो, तीन कागद फाडले. तुम्ही मी बोललो तसं लिहा. खाली असं घाला की, मी भास्कर नथू बोरसे, त्या वेळी तेल डेपोवर नाईक, आठ पिंपं मी उभी ठेवली, डबे मी तपासले नाहीत अन् तपासल्याची खूण केली. विचारल्यावर खोटं बोललो. सुदामनं हातमोजे काढले ते अकरा माणसांसाठी काढले. त्याच्या कागदावर निष्काळजीपणा लिहिला आहे तो माझा आहे, तो माझ्या नावावर लिहावा.

घरी बायकोला सांगितलं आहे. ती म्हणे पेन्शन गेली तर? म्हटलं जाऊ दे, पंपावर उभा आहे तोवर भाकरी आहे. ती रडली, मंग म्हणे आधी का नाही सांगितलं मला.

पोरीचं लग्न मोडलेलं नाही, देवाची कृपा. सोन्यासारखी पोरगी आहे, तिचं भलं होवो, तिच्या बापाचं नाव तिच्या सासरी ताठ राहो. मला बोलावणं येईल का नाही ठाऊक नाही. आलं तर जाईन, मागं बसेन. नाही आलं तर त्या दिवशीही टँकर येणारच आहे. आणा तो कागद इकडं, सही करतो.